पन्नासाचा फरक

भाटघर,
मार्गशीर्ष, मंगळवार

तीर्थस्वरूप आक्का यांना,

भाटघरहून चिमाजीचा वाकून नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की जिना सोडला तर सगळं जमतं. पासलीच्या तुमच्या घराला जिनाच नाही, तेव्हा गुडघा बरा आहे असं मी धरून चाललो आहे. भात झोडून झालं असेल, पेंढा रचून झाला असेल. म्हैस व्यायली का, आणि रेडी झाली की रेडा, ते कळवा. इकडं धरणाला पाणी चांगलं आहे. माझी तब्येत ठीक आहे. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचल्यावर ते खोडलं असं समजा.)

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्ही जाणता. पारू होती तोपर्यंत तुम्ही दोघी बहिणी बोलायचात आणि शेवटी ती फोन माझ्या कानाला लावायची, मग मी 'बरं, ठेवतो' म्हणायचो. आता बोलणारी गेली आणि माझ्याकडं 'बरं, ठेवतो' एवढंच उरलं आहे. दिवाळीला तुम्ही फोन केलात तेव्हाही मी तेवढंच म्हणालो. नंतर मला फार वाईट वाटलं. म्हणून हे पत्र. पाकीट जाड झालं आहे त्याला इलाज नाही. मला आता काळ्या जाड स्केचपेननं बोटाएवढं अक्षर काढावं लागतं, त्यामुळं एका पानात तुमची ख्यालीखुशाली विचारून होते आणि पान संपतं. समोर बघितलं की मधोमध धुकं असतं आणि कडेकडेनं दिसतं. कुणाचा चेहरा ओळखायचा तर मान वाकडी करून कोंबड्यासारखं बघावं लागतं. (परवा एका बाईंकडं असं बघत होतो, तर त्यांनी पदर सावरला. त्या बाई म्हणजे आमच्या शेजारच्या आबांची सून होती. मी माफी मागायला हवी होती, पण कशी मागायची ते सुचलं नाही.)

मूळ गोष्ट साखरेची आहे. डोळे साखरेनंच नेले, आणि साखर किती हे बघायला डोळे लागतात. ह्या व्यवहारात कुणाचं डोकं चाललं कळत नाही. गेली चार वर्षं हे काम पारूकडं होतं. सकाळी सात वाजता मी ओसरीवर बसायचं आणि बोट पुढं करायचं. ती सुई टोचायची, पट्टीला रक्त लावायची, मशीन घेऊन दाराच्या उजेडात जायची आणि जरा वेळानं आकडा सांगायची. मशीनला आकडा दाखवायला पाच सेकंद लागतात. पारूला पंधरा लागायचे. मला वाटायचं, चौथी शिकलेली बाई, इंग्रजी आकडे जुळवायला वेळ लागत असेल. मग आवाज यायचा, "एकशे अठ्ठ्याऐंशी! काल कुनाच्या दारात काय गिळलं?" मी काहीच गिळलेलं नसायचं, किंवा अगदी थोडं गिळलेलं असायचं. मी खाली बघायचो आणि रजिस्टर ओढून मोठ्या अक्षरात एकशे अठ्ठ्याऐंशी लिहायचो. एकतीस वर्षं धरणाच्या पट्टीवरची पाण्याची पातळी वाचून लिहिण्यात गेली आहेत, आक्का. आकडा ऐकला आणि लिहिला नाही, असं मला जमत नाही. नोकरीत एकदा तापानं पडलो, तर त्या दिवसाची जागा मी कोरी ठेवली. अंदाजानं भरली नाही. साहेबांनी सहीला बोलावलं तेव्हा सांगितलं, पाणी मी पाहिलं नाही तर ते किती होतं हे मला ठाऊक नाही. पारूला ह्या गोष्टीचा अभिमान होता. निदान ती चारचौघांत तसं सांगायची.

श्रावणात ती गेली. त्याविषयी मी काही लिहीत नाही, तुम्ही इथंच होता.

तेराव्यानंतर दुखवटा काढायला सुरुवात झाली. आपल्यातली ही रीत चांगलीच आहे, माणसाला घरात एकटं बसू देत नाहीत. पण ती काढणाऱ्यांनी एकदा माझा विचार करायला हवा होता. ज्याच्या घरी जावं तिथं तोंड गोड केल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर दुःख सुटत नाही. माझी अशी सतरा घरं झाली. शिरा, लापशी, गुळाच्या पोळ्या, एका घरी तर जिलेबी. 'मला शुगर आहे' म्हटलं की लोक म्हणायचे, आज चालतंय, पारूबाईच्या नावानं एक घास. पारूबाईच्या नावानं मी भाद्रपद महिन्यात जेवढं गोड खाल्लं तेवढं लग्नातही खाल्लं नव्हतं. फक्त तुमच्या घरी ताटात भाकरी आणि वालाची आमटी होती. तुम्ही साखरेचे चार दाणे माझ्या तळहातावर ठेवलेत आणि म्हणालात, "बास येवढं. पारू असती तर ह्याचंबी पन्नास वाढवून सांगितलं असतं." मी ते बोलण्याची एक पद्धत समजलो. मला वाक्यातलं आतलं लवकर कळत नाही.

साखर किती चढली हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, कारण आकडा वाचणारं माणूस घरात नव्हतं. तेव्हा सूरज म्हणाला, बाबा, पुण्याला चला. आक्का, मुलगा गुणी आहे. सून स्वप्नाली तर मला ताटातलं सांगते, घड्याळाच्या काट्याप्रमाणं, म्हणजे बाराला भात, तीनला भाजी, सहाला चटणी. (मी एकदा सव्वासहाला भात शोधला आणि तोंड पोळलं. चूक माझी.) त्यांची माया खोटी नाही. पण पुण्यात मला सगळीकडं डोळे लागतात. लिफ्टला लागतात, गॅसला लागतात, रस्ता ओलांडायला तर चार लागतील. इथं उंबरा माझ्या पायाला ओळखतो, पाण्याचा माठ हाताला ओळखतो, धरणाच्या भिंतीकडं जाणारी वाट कशीही जमते. इथं मला डोळे कमी लागतात. आणि पारूनं जी वस्तू जिथं ठेवली ती तिथंच आहे, अजून कुणी हलवलेली नाही. हे मी सूरजला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की मला इथं बरं वाटतं. त्यानं अट घातली. रोज सकाळी साडेसातच्या आत आकडा कुणातरी शहाण्या माणसाच्या कानावर गेला पाहिजे, आणि त्या माणसानं त्याला कळवलं पाहिजे. जमलं तर राहा, नाहीतर घराला कुलूप.

आधी भिंग आणलं. दिवा लागणारं भिंग. त्यातून आकडा दिसतो, पण एका वेळी एकच दिसतो, आणि तिसऱ्यावर पोहोचेपर्यंत मशीन आपोआप बंद होतं. पंधरा दिवसांत मी बरेच एक पाहिले, काही सहा पाहिले, पण पुरा आकडा एकही नाही. शिवाय रक्ताचा थेंब आणि पट्टीचं तोंड यांची गाठ पडणं अवघड. पारूच्या हाताला ते कसं जमायचं देव जाणे. माझं रक्त ओसरीवर सांडायचं, धोतराला लागायचं, एकदा रजिस्टरवर सांडलं, पट्टी मात्र कोरडी. पुढं मला एक युक्ती सापडली. डाव्या हाताच्या बोटाला थेंब काढायचा, उजव्या हाताच्या नखानं पट्टीची कड चाचपायची आणि पट्टी बोटाकडं न नेता बोट पट्टीकडं न्यायचं. कडेवर थेंब टेकला की पट्टी तो आपोआप ओढून घेते. कुणाला गरज पडली तर सांगा. माझ्या पाच-पंचवीस पट्ट्या त्यात गेल्या, दुसऱ्याच्या जाऊ नयेत.

मग आबा पुढं झाले. आबा शेजारी, वय पंचाहत्तर, दात गेलेत पण नजर घारीची. म्हणाले, मी आहे ना वाचायला. पहिल्या दिवशी त्यांना माझी पट्टी-थेंबाची खटपट बघवेना. "अरं चिमाजी, लेकरागत काय करतोस? बघ, असं असतंय," म्हणत त्यांनी सुई स्वतःच्या बोटात मारली आणि थेंब लावून दाखवला. मशीननं आकडा दिला तीनशे चौदा. आबा म्हणाले, हे तुझं मागचं राहिलेलं दिसतंय. पुन्हा केलं. तीनशे सतरा. त्यांना उभ्या जन्मात कधी कुणी तपासलं नव्हतं. सुनेनं लगेच भोरला डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर बंद झाली, आणि आता आबा गावभर सांगत फिरतात की ही शुगर त्यांना माझ्या मशीनमधून लागली. "चांगला धडधाकट व्हतो म्या. ह्याच्या वसरीवर बसलो आन् घात झाला." मी सुई बदलली होती, पट्टी नवी होती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचा माझा स्वभाव नाही. ते माझ्याशी आठ दिवस बोलत नव्हते. आता बोलतात, पण आकडा वाचायचं सोडलं. म्हणतात, तुझा आकडा वाचला की माझा चढतो.

त्यावर सूरजनं दंडाला चिकटवायचं यंत्र आणलं. जुन्या रुपयाएवढी चकती, तिच्यातून एक केसासारखी बारीक तार कातडीत असते. बोट टोचायला नको, काही वाचायला नको, आकडा आपोआप मोबाईलला जातो आणि मोबाईलमधून सूरजच्या मोबाईलला. फार हुशारीची वस्तू आहे, ज्याला सोसेल त्यानं जरूर लावावी. मला सोसली नाही. एक तर माणसानं एकट्यानं जे खावं ते एकट्यात राहत नाही. मी दुपारी एक केळं खाल्लं आणि हात धुऊन बसलो, तोच पुण्याहून फोन. बाबा, काय खाल्लंत? मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, किती मोठं होतं? दुसरं म्हणजे त्या कुशीवर झोपलं की दंड दबतो आणि यंत्राला वाटतं साखर उतरली. मग ते बोंब मारतं. मंदिरात भजन चालू असताना मी खांबाला दंड टेकून बसलो आणि मोबाईल असा काही कोकलला की मृदंग थांबला. बुवांनी विचारलं, कुणाला निघायचंय का? शेवटी ती चकती पेंढ्याचा भारा उतरवताना निघाली आणि पेंढ्यात गेली. मला दिसणं शक्यच नव्हतं. तीन दिवस मी गोठ्यातल्या आमच्या म्हशीकडं संशयानं बघत होतो. नवी लावू नको, असं मी सूरजला सांगितलं. ती दर पंधरवड्याला नवी लागते, आणि भारे तर रोजच उतरवायचे आहेत.

मग बोलणारं मशीन आलं. आकडा दाखवतंही आणि बोलूनही सांगतं. आत एक बाई आहे. फार सभ्य. म्हणते, कृपया रक्त की बूंद लगाइए. पहिल्या दिवशी मी हो ताई म्हणालो. बूंद लावली की ती म्हणते, आपकी रक्त शर्करा, आणि जरा थांबून आकडा. रागावत नाही, आवाज चढवत नाही. एकशे पंधरा असो की तीनशे, एकाच सुरात. मला वाटलं, झालं काम, आता मला पुण्याला नेत नाही कुणी. पण तिच्यात मराठी नाही, हिंदीच आहे, आणि हिंदीतले एकोण असलेले आकडे माणसानं कधी शिकायचे? वीस-तीस-चाळीस कळतात. पण उनसठ, उनहत्तर, उनासी, नवासी हे कानाला सगळे भाऊभाऊ वाटतात. कार्तिक संपता संपता एका सकाळी बाई म्हणाल्या, उनहत्तर. मी 'हत्तर' ऐकलं, म्हणजे सत्तरच्या पुढचं काहीतरी, अठ्ठ्याहत्तर असेल, ठीक. रजिस्टरला अठ्ठ्याहत्तर लिहिलं (पुढं प्रश्नचिन्ह केलं, खोटं का सांगू), गोळी घेतली आणि न खाताच पेंढ्याकडं गेलो. अर्ध्या तासानं हात कापायला लागले, घाम फुटला, आणि धुकं मधोमध असायचं ते कडेलाही आलं. बांधावर बसलो. उठता येईना. आबांनी लांबून पाहिलं. रागावलेला माणूस, पण पळत आला. स्वतःला बंद असलेली साखर सुनेच्या नकळत मुठीत घेऊन आला आणि माझ्या तोंडात कोंबली. उनहत्तर म्हणजे एकोणसत्तर, हे मला त्या दिवशी कळलं. आबांच्या सुनेनं सूरजला फोन केला. सूरज ओरडला नाही. तो म्हणाला, बाबा, पौष लागायच्या आत मी गाडी घेऊन येतो. त्याचा आवाज अगदी त्या मशीनमधल्या बाईसारखा सपाट होता. तो घाबरला की तसा होतो, लहानपणापासून.

आता मुख्य गोष्ट. त्या नव्या मशीनवर माझा आधीपासून एक संशय होता. दुखवट्याची घरं संपल्यावर आणि माझं खाणं ताळ्यावर आल्यावर ते सारखं एकशे अठरा, एकशे सव्वीस, एकशे बारा असं सांगायला लागलं. माझ्या चार वर्षांच्या रजिस्टरात एकशे साठच्या खाली कधी फारसं गेलेलं नाही. एकशे अडुसष्ट, एकशे शहात्तर, एकशे ब्याऐंशी. पारूच्या हातचं खाऊन ही गत होती, आणि आता माझ्या हातची करपलेली भाकरी खाऊन साखर खाली? आमच्या पाण्याच्या कामात असा प्रकार माहीत असतो. पट्टी गाळात खचली किंवा कुणी सरकवून लावली की तिचा शून्य जागेवर राहत नाही, आणि मग तिचा प्रत्येक आकडा तेवढाच चुकतो. आज जेवढा, उद्याही तेवढाच. त्याला आम्ही शून्य सरकला म्हणतो. मी ठरवलं की नव्या मशीनचा शून्य सरकला आहे, म्हणूनच त्यानं मला बांधावर पाडलं, आणि हे सूरजला दाखवून दिलं की दोष माझ्यावरचा जाईल. गुरुवारी एसटीनं भोरला गेलो, बंडूच्या मेडिकलमध्ये. पिशवीत नवं मशीन, पारू वाचायची ते जुनं मशीन, डॉक्टरांची फाईल आणि पुराव्याला माझं रजिस्टर. बंडू भला पोरगा आहे, पन्नाशीचा असला तरी मी त्याला पोरगाच म्हणतो. त्याला म्हणालो, हे मशीन खोटं बोलतं, परत घ्या. तो म्हणाला, काका, हे तुमी माझ्याकडनं घेतलंच न्हाई. ते खरं होतं. पण त्यानं मला बाकावर बसवलं, एकच थेंब काढला आणि दोन्ही मशीनना दिला. नवं म्हणालं एकशे सव्वीस. जुन्यावर त्यानं वाचलं, एकशे एकोणतीस. म्हणजे दोन्हींचे शून्य जागेवर.

मी म्हणालो, मग रजिस्टर बघ. तो म्हणाला, काका, जुन्या मशीनच्या पोटात मागचे आकडे तारखेसकट असतात, थांबा. त्यानं बटण दाबत मागं जायला सुरुवात केली. श्रावणातला तो सोमवार, पारूनं वाचलेला शेवटचा. मशीनमध्ये एकशे अठरा. रजिस्टरात एकशे अडुसष्ट. त्याच्या आदला दिवस, मशीनमध्ये एकशे बत्तीस, रजिस्टरात एकशे ब्याऐंशी. एकशे नऊ, एकशे एकोणसाठ. एकशे सत्तावीस, एकशे सत्त्याहत्तर. बंडू आधी हसायला लागला, मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं असावं, कारण तो थांबला. कुठंही काढा, फरक पन्नासाचा. एक कमी नाही, एक जास्त नाही. दहा सेकंद ती आकडे जुळवत नव्हती, आक्का. बेरीज करत होती.

रजिस्टरात पाच दिवस असे निघाले की तिथं आकडाच नाही, 'मशीन बंद' असं मी लिहिलं आहे. त्या दिवशी पारू दारातून लगबगीनं यायची, म्हणायची, "मशीन चालत न्हाई आज. ह्यो देवीचा परसाद घ्या आदी," आणि साखर तोंडात कोंबायची. वर चहा, तोही गोड. आमच्या देवघरात एवढा प्रसाद येतो कुठून हे मी विचारलं नाही. विचारायचा स्वभाव नाही. ते पाचही दिवस मशीनच्या पोटात आहेत. बासष्ट, अठ्ठावन्न, सहासष्ट, चौसष्ट, एकसष्ट.

बंडूनं फाईल उघडली. आत पारूच्या अक्षरात आखलेले कागद होते, महिन्याला एक, वर लिहिलेलं 'खरे आकडे. डॉक्टरांसाठी'. म्हणून डॉक्टर दर वेळी म्हणायचे, छान चाललंय, डोळे आहेत तेवढे टिकतील. मी समजायचो, डॉक्टरांनी असं म्हणायचंच असतं, रोग्याला धीर यावा म्हणून. एकतीस वर्षं मी पाण्याचा एक इंच कुणाला वाढवून दिला नाही. आणि माझ्याच ओसरीवर, माझ्याच हातानं, चार वर्षांचं अख्खं रजिस्टर खोटं लिहून झालं. मला राग यायला हवा होता. बंडूनं चहा मागवला, बिनसाखरेचा. मी रजिस्टर पिशवीत घातलं. ते दुरुस्त करणार नाही. मशीनचे शून्य बरोबर होते, सरकलेला होता तो पारूचा. आणि तो तिनं मुद्दाम सरकवला होता, माझ्या बाजूला.

आता फार लिहीत नाही. स्केचपेनही फिकं पडत चाललं आहे. घरी सर्वांना नमस्कार-आशीर्वाद सांगा. गुडघ्याला थंडीचं जपा. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, मी खरंच बरा आहे. वरचं खोडलेलं वाक्य आता परत धरायला हरकत नाही.

आपला,
चिमाजी

ता. क. तुम्हाला हे माहीत होतं. तुमचं ते साखरेच्या चार दाण्यांवरचं वाक्य मला गुरुवारी एसटीत कळलं. तेव्हा तुमच्याकडं एक मागणं आहे, ह्या पत्राचं कारणच ते. तुमच्याकडं फोनला रेंज फक्त गोठ्याजवळ येते आणि सातला तुम्ही धारेला तिथंच असता. मी रोज सातला फोन लावीन आणि मशीन फोनपाशी धरीन. मला काही बोलावं लागणार नाही, मशीनमधल्या बाई बोलतील. तुम्ही आकडा ऐकायचा आणि सूरजला जसाच्या तसा कळवायचा. त्याची अट शहाण्या माणसाची आहे. तुमच्याहून शहाणं माझ्या ओळखीत कुणी उरलेलं नाही. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, मावशी ऐकणार असेल तर गाडी आणत नाही.

ता. क. दुसरा. हिंदी आकड्यांचा कागद सोबत आहे. उनसठ म्हणजे एकोणसाठ, उनहत्तर म्हणजे एकोणसत्तर, उनासी म्हणजे एकोणऐंशी, नवासी म्हणजे एकोणनव्वद. गोठ्याच्या खांबाला लावा, म्हैस खाणार नाही इतक्या उंचीवर. मीही पाठ करतो आहे. आबा माझी परीक्षा घेतात आणि चुकलो की त्यांना फार बरं वाटतं.

ता. क. तिसरा. सूरजला खरा आकडा सांगायचा. मला पन्नास वाढवून सांगायचा, आणि वर काय गिळलं ते विचारायचं. मशीनमधल्या बाई कधी विचारत नाहीत. आकडा सत्तरच्या खाली असेल तर मात्र काही वाढवू नका, नुसतं 'मशीन बंद हाय, परसाद घ्या' म्हणा, मला समजेल. साखरेची डबी देवघरात भरून ठेवली आहे. तुम्ही म्हणाल, आता चिमाजीला गुपित ठाऊक आहे, बाईंचा आकडाही त्याच्या कानावर पडतो, तो मनात पन्नास वजा करील. करीन, पण तुम्ही बहिणी ओरडायला लागलात की मला वजाबाकी सुचत नाही. पारूचा सगळा भरवसा त्याच्यावरच होता.

ता. क. शेवटचा. वाढवायचे ते पन्नासच वाढवा. एकावन्न झाले तर मला कळेल. आणि बंडूनं निघताना पेढा दिला होता, त्यातला अर्धा मी खाल्ला आहे, अर्धा तुमच्या पहिल्या फोनच्या आदल्या रात्रीला ठेवला आहे. सकाळच्या आकड्यावरून तुम्हाला दिसेलच, म्हणून आधीच कळवलं.